कार्यक्रम दिव्यांगांचा, सूत्रंही त्यांच्याच हाती: ठाणे-नवी मुंबईत प्रयोग उभा करण्याची कृती

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. व्यासपीठावर ओळीनं पाहुणे बसतात, सगळे धडधाकट. त्यांची भाषणं लांबतात. मग विशेष शाळेतली मुलं दोन गाण्यांवर नाचतात, निवेदिका ‘यांच्या जिद्दीला सलाम’ म्हणते, शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात. काय सादर करायचं हे त्यातल्या एकाही कलाकाराला कुणी विचारलेलं नसतं.

हा लेख वेगळ्या कार्यक्रमासाठी आहे: जिथे विषय, संहिता, पाहुणे आणि पैसे यांबद्दलचे निर्णय कर्णबधिर, अंध, व्हीलचेअर वापरणारे, मानसिक आजाराचा शिक्का बसलेले कलाकार स्वतः घेतात. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, बेलापूर इथल्या एखाद्या नाट्यसंस्थेला, मंडळाला किंवा चार-पाच कलाकारांच्या गटाला तो उभा करता यावा, एवढा बेत आहे. हाताशी चार महिने ठेवा. तीनही चालतील, पण मग झोप कमी मिळेल.

आधी ठरवा: सही कुणाची?

पहिल्या बैठकीत संकल्पनेवर तासभर चर्चा रंगते आणि खरा प्रश्न मागे राहतो. तो असा, की बँकेच्या खात्यावर सही कुणाची आणि ‘हे नको’ म्हणायचा अंतिम अधिकार कुणाचा? समितीत निम्म्याहून जास्त दिव्यांग कलाकार हवेत आणि खर्चाच्या दोन सह्यांपैकी एक त्यांच्यातल्या कुणाची हवी. हे कागदावर आलं नाही, तर ‘सल्लागार’ या गोड शब्दाखाली त्यांना खुर्ची मिळेल आणि निर्णय शेजारच्या खोलीत होतील.

ही मागणी आजची नाही. लंडनमध्ये १९८० साली ग्राए ही नाट्यसंस्था दिव्यांग कलावंतांना केंद्रस्थानी ठेवूनच सुरू झाली. तिथल्या एका दूरचित्रवाहिनीच्या देणगी-कार्यक्रमात दिव्यांगांना केविलवाणं दाखवतात म्हणून १९९० आणि १९९२ मध्ये दिव्यांग मंडळींनी वाहिनीच्या दारातच निदर्शनं केली, त्यात कलाकारही होते. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झालाच नाही. टोरांटोमध्ये १९९३ साली मानसोपचार व्यवस्थेतून गेलेल्या लोकांनी स्वतःचा अभिमान-दिन साजरा केला, त्यातूनच पुढे ‘मॅड प्राईड’ नावाची चळवळ वाढली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं, की पडद्यावर दिव्यांगांचं चित्रण करताना त्यांना निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घ्या. दिव्यांगत्वाकडे बघण्याची समज वाढवणारा विनोद आणि दिव्यांगांना हिणवणारा विनोद, असा फरकही त्या निकालात केलेला आहे. समितीतल्या कुणाला ‘एवढं कशाला?’ वाटलं, तर त्यांच्यासमोर हा निकाल ठेवा.

दोन गोष्टी पहिल्या बैठकीपासूनच सुरू करा. कर्णबधिर सदस्य असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी त्याच दिवशी हवा. बहिणीला किंवा भाच्याला दुभाषी म्हणून बसवलं, की तो सदस्य घरच्यांच्या सेन्सॉरमधून बोलतो. आणि बौद्धिक दिव्यांग कलाकारासोबत पालक आले तर प्रश्न कलाकाराला विचारा, उत्तराला वेळ द्या, पालकांना चहा द्या. पालकांचं प्रेम खरं असतं, पण ‘त्याला हेच आवडतं’ हे वाक्य दरवेळी खरं असेलच असं नाही.

कलाकार कुठे भेटतील

महापेला हेलन केलर इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे, तिथे कर्णबधिर आणि बहिरेपण-अंधत्व एकत्र असलेल्यांसाठी काम चालतं. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या ओळखीतून दुभाष्यांपर्यंत पोचता येतं. अंध वादक-गायक हवे असतील तर वरळीचं नॅब, ही अंधांसाठीची संस्था. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या दिव्यांग बालनाट्य स्पर्धेत काम केलेली मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांच्या शिक्षकांना फोन करा. पण संस्थांच्या पलीकडेही बघा. कितीतरी चांगले लोक कुठल्याच यादीत नाहीत: दुकानाच्या पाट्या रंगवणारा कर्णबधिर पेंटर, घरातून न निघणारी आणि फोनवर कविता लिहिणारी मुलगी. निवड करताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा दाखला मागू नका. तुम्ही योजना राबवत नाही आहात.

मानसिक आजाराबद्दल ठाणेकरांनी जरा थांबून बोलावं. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या चालला, नाटकांत टाळ्या घेऊन गेला, आणि ज्यांच्यावर तो झाला ते शहरात राहूनही कधी मंचावर आले नाहीत. आता तिथे राहून आलेल्या एखाद्या बाईने हाच विनोद स्वतः लिहून, स्वतः सादर केला तर सभागृहात काय होईल? मला तरी असा प्रयोग बघायचा आहे. पण त्यासाठी रुग्णालयात जाऊन ‘दोन चांगले पेशंट द्या’ म्हणू नका. बाहेर राहणारे, आधारगटांत येणारे, स्वतःहून सांगणारे लोक शोधा आणि कुणालाही आपली कहाणी सांगण्याची सक्ती करू नका. त्यांना समुद्रावर कविता वाचायची असेल तर समुद्रावर वाचू दे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तुम्ही एक पाऊल पुढे जा: नाव, फोटो, व्हिडिओ आणि आजाराचा उल्लेख अशा चार वेगवेगळ्या संमती घ्या आणि प्रयोगाच्या दिवशीही ‘नाही’ म्हणायची मुभा ठेवा.

जागा: स्टेशनपासून मेकअप रूमपर्यंत

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह ही नावं लगेच सुचतात. शनिवार-रविवारच्या तारखा मिळणं कठीण, त्यामुळे अर्ज लवकर करा. पण अर्जाआधी जागा बघायला जा, आणि तिथे व्हीलचेअर वापरणारा सदस्य स्वतः हवा. मी कुबड्या वापरते, तरी व्हीलचेअरला कुठे अडेल हे मला दरवेळी कळत नाही. ओल्या फरशीवर कुबडी कुठे घसरेल हे चेअरवाल्याला कळत नाही.

प्रेक्षकांच्या दारात रॅम्प दिसला की व्यवस्थापक खूश होतात. तुम्ही मंचाकडे बघा. कलाकाराने मंचावर जायचं कसं? रॅम्पचा सर्वसाधारण उतार १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मंच तीन फूट उंच असेल तर छत्तीस फुटांचा रॅम्प, वर मध्ये एक सपाट विसावा. मांडववाल्याने फळी टाकून केलेला खडा उतार धोक्याचा असतो. दारं साधारण ९०० मिलिमीटर मोकळी, आणि चेअर वळायला १५०० मिलिमीटरची जागा. टेप खिशात ठेवा. मग स्वच्छतागृह: दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह असतं, पण त्याला कुलूप असतं किंवा आत झाडू-बादल्यांचं गोदाम असतं. किल्ली कुणाकडे आहे त्याचं नाव लिहून घ्या.

हे सगळं जमत नसेल तर मंच सोडून द्या. तळमजल्यावरचं शाळेचं सभागृह घ्या, जमिनीवरच सादरीकरण करा, प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसवा. मला स्वतःला हाच पर्याय जास्त आवडतो. उचलून मंचावर नेलेला कलाकार प्रेक्षकांच्या नजरेत आधीच ‘बिचारा’ झालेला असतो.

सार्वजनिक इमारतींबद्दल लेखी विचारणा जरूर करा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४५ ने जुन्या इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत संपली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत असं बजावलं. पत्राची एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवली की उत्तर जरा लवकर येतं.

प्रवासाचा विचार जागेसोबतच करा. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरमुळे दोन्ही शहरांतले कलाकार एकत्र येऊ शकतात, पण संध्याकाळी सहानंतर हँडिकॅपच्या डब्यातही धडधाकट माणसं घुसलेली असतात. म्हणून प्रयोग दुपारी तीन-चारला ठेवा. घाणेकर नाट्यगृह स्टेशनपासून लांब, वाटेत घोडबंदर रोडची वाहतूक. त्यामुळे रिक्षाभाडं तुमच्या हिशोबात धरा, कलाकाराच्या नाही.

सांकेतिक भाषा: इथे घाई नको

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, कारण ऐकणाऱ्यांना वाटतं की दुभाषी कोपऱ्यात उभा केला की काम झालं. भारतीय सांकेतिक भाषा ही हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं. चेहरा, खांदे आणि समोरची मोकळी जागा हे तिचे अवयव. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून खुणांत मांडलं तर कर्णबधिर प्रेक्षक कंटाळतात आणि मोबाईल काढतात.

संहिता दुभाष्याला किमान तीन आठवडे आधी द्या. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावीच लागते, म्हणजे ती वेळेत तयार असते; त्याच दिवशी एक प्रत दुभाष्याला पाठवा. अभंग असेल, द्व्यर्थी लावणी असेल, मालवणी शिवी असेल, तर दुभाष्यासोबत एखादा कर्णबधिर कलाकारही बसवा. अर्थ दुभाष्याला कळेल, पण त्या अर्थाला खुणेत ठसका कसा आणायचा ते कर्णबधिर कलाकारालाच ठाऊक.

अर्ध्या तासाहून मोठ्या कार्यक्रमाला दुभाषी दोन लागतात, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलून. हात आणि मेंदू दोन्ही दमतात, आणि दमलेला दुभाषी वाक्यं गाळतो. त्यांच्यावर स्वतंत्र दिवा हवा, अंधाराच्या प्रवेशातही. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. जागा कलाकारांच्या जवळ, म्हणजे प्रेक्षकांची मान टेनिसच्या सामन्यासारखी फिरत नाही. याहून चांगलं म्हणजे दुभाष्याला प्रवेशातच गुंफा: तो शेजारीण होऊ शकतो, सूत्रधार होऊ शकतो. आपल्या तमाशात आणि दशावतारात प्रेक्षकांशी थेट बोलणारी पात्रं आहेतच, तीच जागा त्याला द्या.

आता उलट बाजू. कर्णबधिर कलाकार स्वतः सादर करत असेल तेव्हा ऐकणाऱ्यांसाठी आवाज द्यायचा का, हे त्याने ठरवायचं. काही जण म्हणतात, दहा मिनिटं तुम्हीही अंदाज बांधत बसा. दिग्दर्शकाला भीती वाटते की लोक उठून जातील. जाऊ दे. उरलेले जे बघतील ते त्यांनी आधी बघितलेलं नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, कलम ३० मध्ये सांकेतिक भाषा आणि कर्णबधिर संस्कृतीला स्वतःची ओळख म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. मंचावर ती ओळख अशीच दिसते.

तालमीत टाळीने किंवा हाकेने इशारा देऊ नका. विंगेत छोटा रंगीत दिवा लावा. ढोलकी लाकडी मंचावर ठेवली तर तिची कंपनं पायांना कळतात. सिमेंटवर कळत नाहीत. आणि टाळ्यांच्या वेळी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, हे निवेदकाने सुरुवातीलाच प्रेक्षकांना दाखवून द्यावं.

सांकेतिक भाषा न येणारे, उतारवयात ऐकू कमी झालेले लोक बरेच असतात, म्हणून संवादांची मराठी शीर्षकंही हवीत. ती संहितेवरून आधीच टाईप करून पडद्यावर दाखवा. यंत्राने आपोआप उमटवलेल्या शीर्षकांत नावं आणि कवितेचे शब्द हमखास बिघडतात. बटण दाबायला तालमींना बसलेला माणूस हवा.

न बघता नाटक बघणं

अंध प्रेक्षकांसाठी वर्णन संवादांच्या मधल्या फटींत बसतं. मंचावर काय घडतंय तेवढंच सांगायचं, त्याचा अर्थ नाही. ‘ती खुर्ची उलटी ठेवते’ पुरे. ‘ती निराश झाली आहे’ हे प्रेक्षक ठरवतील. महागडी यंत्रणा नसेल तर कॉन्फरन्स कॉल आणि एका कानात इअरफोन, असंही चालतं; फक्त सभागृहात नेटवर्क आहे का ते आधी तपासा. प्रयोगापूर्वी अर्धा तास मंच उघडा ठेवा: लोकांना नेपथ्य चाचपू दे, नऊवारीचा काठ हाताला लागू दे, कलाकारांचे आवाज ओळखीचे होऊ दे. अंध कलाकारासाठी मंचाच्या कडेला आणि ठरलेल्या जागांवर जाड सुतळी चिकटवा, पायाला समजते.

प्रसिद्धीत एक चूक जवळजवळ सगळेच करतात. रंगीत जाहिरात चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि अंध माणसाच्या फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, फक्त ‘चित्र’ एवढं म्हणतो. चित्राखाली सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. डीटीपीवाल्याकडचा जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका. स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक अक्षरं वाचतो. मराठीत २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक आहे, त्यांना बातमी वेळेत कळवा. संहिता किंवा गीतं दिव्यांग सदस्यांना वाचता यावीत म्हणून ब्रेल अथवा ध्वनिरूपात करायला, नफ्याचा हेतू नसेल तर, कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. सादरीकरणाची परवानगी मात्र वेगळी घ्यावीच लागते.

गोंगाट, गर्दी आणि मन

स्वमग्न प्रेक्षकाला किंवा पॅनिक येणाऱ्या माणसाला नाट्यगृहातला अंधार, बंद दारं आणि ‘शूऽऽ’ म्हणणारी काकू हे सगळं एकदम झेपत नाही. त्यावर ‘निवांत प्रयोग’ हा सोपा उपाय आहे: प्रेक्षागृहातले दिवे मंद पण सुरू, आवाज खाली, लखलखणारे दिवे वर्ज्य, येण्याजाण्याला पूर्ण मोकळीक. हे तिकिटावरच छापा, नाहीतर नेहमीचे रसिक भांडतील. जवळ एक शांत खोली हवी, पंखा आणि पाण्यासह. चपला ठेवायची जागा म्हणजे शांत खोली नव्हे. प्रयोगात बांधून ठेवणं, शॉक, आत्महत्या असे प्रसंग असतील तर ते कितव्या मिनिटाला आहेत हे दारावर लिहून लावा.

मानसिक त्रासातून गेलेल्या कलाकारांशी तालमींच्या आधीच एक साधं बोलणं करा: त्रास वाढला तर आम्ही काय करावं, कुणाला फोन करावा, कुणाला अजिबात करू नये? उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी जडपणा येतो, त्यामुळे सकाळी आठच्या तालमी लावू नका. प्रयोगाला ऐन वेळी येणं जमलं नाही तर मानधन कापायचं नाही, आणि पर्यायी प्रवेश आधीच बसवलेला ठेवायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, पण तो त्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाही.

पैसे

अंदाजपत्रक उलट्या क्रमाने लिहा. आधी कलाकारांचं मानधन, मग दुभाषी, शीर्षकं, वर्णन, मदतनीस, प्रवास. त्यानंतर सभागृह, आणि फुलं-स्मृतिचिन्हं सर्वात शेवटी, उरले तर. एरवी हा क्रम नेमका उलटा असतो आणि म्हणूनच ‘दुभाष्याला बजेट नाही’ हे वाक्य ऐकू येतं. ‘तुमचं नाव होईल’ हे मानधन नव्हे. तालमींचेही पैसे द्या. मदतनिसाचं तिकीट फुकट ठेवा. दोन तिकिटांचा भुर्दंड बसतो म्हणून कितीतरी लोक येत नाहीत. पैसे कलाकाराच्या हातात पोचतील ना, तेही विचारा. खातं भावाच्या ताब्यात असणं नवलाचं नाही.

निधीसाठी महापालिकेकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून साहित्यवाटप होतं, शिबिरं होतात. कलेसाठी कुणी मागतच नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ दिव्यांग कलाकार-लेखकांना सुविधा, सहाय्य आणि प्रायोजकत्व देण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. अर्जात हे कलम उद्धृत करा आणि ठाणे असो वा नवी मुंबई, आवकचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

प्रायोजक फलक लावायला येईल, हरकत नाही. तो मंचावर व्हीलचेअर वाटायचं म्हणेल, तिथे नाही म्हणा. हा नकार समितीच्या ठरावात आधीच लिहिलेला असला की देणं सोपं जातं.

प्रयोगाचा दिवस आणि नंतर

भाषण एक, पाच मिनिटांचं, तेही लेखी स्वरूपात दुभाष्याकडे आधी पोचलेलं. निवेदन दिव्यांग कलाकारानेच करावं. आग लागली तर लिफ्ट बंद असणार, तेव्हा चेअरवाल्यांना कोण, कुठल्या दाराने नेणार ते दारावरच्या स्वयंसेवकांना नावानिशी सांगा. स्वयंसेवकांना आणखी एक सूचना: न विचारता कुणाचा हात धरायचा नाही, चेअर ढकलायची नाही.

चित्रीकरणाची मालकी कलाकारांची आहे हे करारात हवं. यूट्यूबवर टाकताना शीर्षकं आणि दुभाष्याची चौकट असू दे. समीक्षकांना बोलवा आणि लय, संहिता, प्रकाशयोजना यांवर नेहमीच्याच कठोरपणे लिहा असं सांगा. ‘डोळे पाणावले’ एवढंच लिहिणारा समीक्षक कलाकाराच्या कामाचा नाही.

अभिप्राय छापील फॉर्मवर मागू नका. आवाजी निरोप, खुणांचा व्हिडिओ, दोन ओळींचा मेसेज, काहीही चालेल. आणि ज्यांनी नाव नोंदवलं पण जे आले नाहीत, त्यांना आठवड्याभरात फोन किंवा व्हिडिओ कॉल करा. रिक्षा मिळाली नाही, लिफ्ट बंद होती, सोबतीला कुणी नव्हतं, त्या दिवशी उठवलंच नाही, अशी उत्तरं येतील. पुढच्या खेपेचं अंदाजपत्रक तिथून लिहायला घ्या.